ती कशावर चिडायची

तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या टेलिफोनच्या खोलीत बसले आणि तीस वर्षांत कामाचे म्हणून दोनच शब्द बोलले, "थांबा, जोडते." पुढचं सगळं बोलणं दुसऱ्यांचं. कुणाच्या उसाला तोड मिळत नाही, कुणाची लेक बाळंत झाली, कुणाचा मुलगा सुट्टीवर निघाला, सगळं माझ्या कानावरून जायचं आणि मी तोंड मिटून बसायची. मोबाइल आले, बोर्ड गुंडाळला, मग शेवटची काही वर्षं मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथं तर ते दोन शब्दही लागले नाहीत.

साठीच्या तोंडावर मी घाटावर उभी राहून भाषणं करीन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या फौजींनी मला काढलंच. फौजी म्हणजे माझे यजमान, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात बोलायचं खातं पहिल्यापासून त्यांच्याकडं.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं, कृष्णाकाठी. आमच्याकडं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला जातात. राख गोळा करून नदीत सोडायची आणि मग सगळ्यांनी घाटाच्या पायऱ्यांवर थांबायचं. कुणीतरी पुढारी उभा राहतो आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. बाप्या गेला असेल तर चाराचे चाळीस होतात; सोसायटी, डेअरी, तालमीतल्या कुस्त्या, सगळं निघतं. बाई गेली असेल तर चारच. धार्मिक होत्या, मनमिळाऊ होत्या, कष्टाळू होत्या, मुलांवर चांगले संस्कार केले. झालं. हात जोडायचे आणि गाड्या चालू. बायकाही सावडायला येतात, डोक्यावर पदर घेऊन मागच्या पायऱ्यांवर उभ्या राहतात. त्या बोलत नाहीत.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी समोरच्या घरातली म्हातारी गेली. सावडायच्या दिवशी पुढारी घड्याळाकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "माऊली अत्यंत धार्मिक होत्या. गळ्यात माळ होती. कधी कुणाला वावगा शब्द बोलल्या नाहीत." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हातारीच्या गळ्यात माळ जन्मात नव्हती. बुधवारी गल्लीत मटणाचा वास सुटायचा तो तिच्याच चुलीवरून. आणि वावगे शब्द? अख्खी गल्ली ते तिच्याकडूनच शिकली होती. मी लग्न होऊन आल्यापासून तिच्या समोर राहिले, आणि हा माणूस भलत्याच कुठल्या बाईला निरोप देत होता.

ते खाली बसायच्या आत मी बोलले. "तसं नाही," एवढंच आधी तोंडातून निघालं आणि सगळ्या पायऱ्या माझ्याकडं वळल्या. पण आता गप्प बसणं जास्त वाईट दिसलं असतं, म्हणून सांगितलं. मोठा पूर आला तेव्हा लष्कराची बोट आमच्या गल्लीत आली. पाणी उंबऱ्याला लागलेलं, आणि ही बाई जवानाला म्हणाली, "आदी माज्या कोंबड्या, मग मी." जवान परमुलखातला, त्याला काही कळेना. त्यानं हात धरून ओढली तर तिनं अशी शिवी हासडली की ती मात्र त्याला बरोबर कळली. कोंबड्यांचं डालगं आधी बोटीत गेलं. पूर ओसरल्यावर गल्लीत अंडी होती ती फक्त तिच्या घरात, आणि तिनं ती बाळंतिणींच्या घरी पोचवली. तीही शिव्या देतच.

कुणीतरी हसलं. घाटावर, सावडायच्या दिवशी! म्हातारीचा थोरला मुलगा खालच्या पायरीवर मान घालून बसला होता, त्याचे खांदे हलायला लागले. आता हा उठून माझ्या अंगावर येणार, असं मला वाटलं. त्यानं मान वर केली तर तो हसतही होता आणि रडतही होता. "व्हय," तो म्हणाला, "आई आशीच हुती."

परत येताना फौजी माझ्या चार पावलं पुढं चालत होते. दाराशी आल्यावर म्हणाले, "परवानगीबिगर फायरिंग केलंस," आणि चहा मागितला. मी चहा ठेवला आणि त्यात साखर दोनदा घातली. भीतीनं नव्हे. मला पुन्हा बोलायचं होतं. या वयात असं काही व्हावं याची लाज वाटली, आणि खरं सांगते, फार आनंद झाला.

पुढं बोलावणी यायला लागली. आधी गल्लीतून, मग गावातून, मग आसपासच्या गावांतून. फक्त बाई गेली असेल तर; बाप्यांना पुढारी आहेतच. हळूहळू माझी एक रीत बसली. मधल्या दिवशी त्या घरी जायचं, बायकांत बसायचं आणि एकच विचारायचं, "त्या कशावर चिडायच्या?" चांगलं काय होतं असं विचारलं की सगळ्या जणी धार्मिक आणि मनमिळाऊ होतात. चिडण्याचं विचारलं की आधी गप्प बसतात, मग एखादी हसते, आणि गेलेली बाई घरात परत येते. एक बाई होती, ती तव्यावर भाकरी असताना कुणी पाणी मागितलं तर चिडायची. एक होती, ती मुलानं पुण्याहून फोन करून "जेवलीस का" विचारलं की चिडायची, कारण त्याला त्याच्या पुढं काही विचारायला सुचायचं नाही. हे मी घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पानांमागं लिहायची, खोडायची, मोठ्यानं वाचून बघायची. एका वाक्यापायी माझी आमटी करपली आहे. सहा-सात मिनिटांत बाई उभी राहिली पाहिजे, त्यापुढं लोकांचे पाय दुखतात. आणि नियम एकच, घाटावर खोटं बोलायचं नाही. हा नियम मी लोकांना ऐकवायचीसुद्धा, मोठ्या तोऱ्यात.

यंदा उन्हाळ्यात माझी थोरली जाऊ गेली.

तिला आम्ही आक्का म्हणायचो. तिचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत. पलीकडं तिनं लसूण ठेचला तरी मला इकडं कळायचं. पण नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं, आणि का नव्हतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्या मुलीच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान थोरली चुलती म्हणून आक्काचा. ती उशिरा आली, वेळ टळून चालली होती, म्हणून मी दुसऱ्या बाईला हळद लावायला सांगितली. आक्काला मानपानाचा राग आला आणि ती न जेवता मांडवातून निघून गेली. ही हकिगत गावाला ठाऊक होती, फौजींना ठाऊक होती, मुलीला ठाऊक होती. सगळ्यांना मीच सांगितली होती.

खरं काय झालं ते असं. आक्का वेळेवर आली होती. सगळ्यांच्या आधी. हळदीची वाटी तिच्या हातात होती. माझे दीर वर्षापूर्वीच गेलेले, त्यामुळं तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या आणि कपाळावर कुंकू नव्हतं. व्याह्यांकडच्या एका बाईनं माझ्या कानाशी लागून विचारलं, "ह्या लावणार?" एवढंच. मी शिकलेली, नोकरी केलेली, असल्या रूढींना मनातल्या मनात नाकं मुरडणारी. पण मुलगी माझी होती आणि मी भ्याले. आक्काच्या हातातून वाटी काढून घेतली आणि म्हणाले, "आक्का, आत आचाऱ्याकडं जरा बघता का?" तिनं माझ्याकडं पाहिलं. वाटी सोडली. आत गेली आणि मागच्या दारानं घरी निघून गेली.

लोक विचारायला लागले तेव्हा मी म्हणाले, उशिरा आल्या. आक्काला आवरायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असल्यानं ते खपून गेलं. तिनं कुणालाही कधी खरं सांगितलं नाही. फौजींनी तर दुसऱ्या दिवशी तिला दारात गाठून सुनावलं होतं, "वैनी, पोरीच्या हळदीला तरी टायमावर यायचं हुतं." तिनं ते ऐकून घेतलं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून त्यांनी भावाच्या घरचा चहा सोडला. आणि मी ते नऊ वर्षं बघत राहिले.

आक्का सोमवारी सकाळी गेली. मातीला सगळा गाव लोटला. परत येताना प्रत्येक जण मला विचारत होता, "परवा तुमीच बोलणार न्हवं?" मी म्हणत होते, बघू. मंगळवारी सकाळी कॅलेंडरचं पान उलटं करून बसले आणि दुपारपर्यंत त्यावर काहीही उतरलं नाही. खोटं कशाला सांगू, पुतण्या, म्हणजे आक्काचा मुलगा, मला बोलू देणार नाही आणि माझी आपोआप सुटका होईल, अशी मी वाट बघत होते.

दुपारी पुतण्याची बायको आली. आक्काला आत्ती म्हणणारी ही मुलगी कधी फारसं बोलत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात ती दोन महिन्यांची नवी नवरी होती. पुढच्या दारानं आली आणि बस म्हणाले तरी बसली नाही.

"काकी, उद्या तुमी बोलायचं," ती म्हणाली.

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"त्यांचं काय न्हाई. आत्ती सांगून गेल्यात. म्हणाल्या, तिलाच बोलू द्या. पर हळदीचं सांगायचं, खरं खरं. सांगणार नसली तर बोलवू नगा."

सवयीनं माझ्या तोंडातून तेच निघालं, "आक्का कशावर चिडायच्या गं?"

ती दाराकडं वळली. म्हणाली, "उद्या बोला, मग सांगते," आणि निघून गेली.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. एकीकडं वाटत होतं, आजारी आहे म्हणून सांगावं. उन्हाळ्याचे दिवस, चक्कर आली म्हटलं तर कोण तपासायला येणार होतं? मग पुढारी उभे राहिले असते आणि त्यांनी आक्काला धार्मिक आणि मनमिळाऊ करून टाकलं असतं. आक्का! सकाळी उठून पहिल्यांदा देवालाच दोन शब्द सुनावणारी बाई. ते मला ऐकवलं नसतं. आणि दुसरीकडं हेही दिसत होतं की हळदीचं बोलले तर घाटावरचं माझं उभं राहणंच संपलं. खरं बोलते म्हणून लोक मला बोलावत होते. मग कोण बोलावेल? या वयात मला एक गोष्ट सापडली होती, अगदी माझी, आणि ती उद्या सकाळी मीच माझ्या हातानं नदीत सोडून यायची होती.

फौजींना आधी सांगावं असं ठरवलं. चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवून उभी राहिले. ते सकाळसाठी पांढरी टोपी घडी करून ठेवत होते. म्हणाले, "आठला फॉल-इन. टायमावर निघायचं. वैनीसारकं करू नगंस." मी कप तिथंच ठेवून आत गेले.

बुधवारी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. नदी खाली गेलेली, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ वाळून गेलं होतं. राख सोडून झाली. पुढाऱ्यांनी आता स्वतःहूनच माझ्याकडं हात केला, "ताई बोलतील." मी उभी राहिले. माझ्या हातात कागद होता आणि कागद कोरा होता.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. मी रहिमतपूरहून या घरात आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंचा दंडक असा, की आपल्या वाटणीच्या भाकरी केल्याशिवाय सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि कारखान्याची गाडी सहाला सुटायची. आक्का पहाटे उठून स्वतःच्या भाकरी करायची, मग माझ्या करायची, आणि माझ्या टोपल्यात घालून वर फडकं झाकायची. सासूबाईंना चार महिने पत्ता लागला नाही. मला एकही भाकरी तिनं गोडीनं दिली नाही. "शाळंत हेच शिकलीस व्हय?" म्हणायची आणि टोपलं सरकवायची. नोकरी मी केली, पण पहिल्या गाडीला मला तिनं पोचवलं.

बायका डोळे पुसायला लागल्या. फौजींनीही टोपी काढून हातात घेतली. तिथं थांबता आलं असतं. सगळ्यांनी चांगलं म्हटलं असतं आणि त्यात खोटा शब्द एकही नव्हता. मी मागच्या पायऱ्यांकडं पाहिलं. पुतण्याची बायको उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

"हळदीचं सांगायचं राहिलं," मी म्हणाले.

आणि सांगितलं. वाटी कुणाच्या हातात होती ते सांगितलं. कानाशी काय विचारलं गेलं आणि मी काय केलं ते सांगितलं. "आक्का उशिरा आल्या नव्हत्या. विधवा आहेत म्हणून मी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली, आणि नऊ वर्षं तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. चूक माझी. मानाची भुकेली म्हणून नाव मात्र त्यांचं झालं." माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मी फौजींकडं बघायचं टाळत होते, तरी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. ते माझ्याकडं आले नाहीत. पुतण्या उभा होता तिथं गेले आणि म्हणाले, "तुज्याकडं चहा हुईल का रं?" त्यानं मान हलवली. दोघं पायऱ्या चढून निघून गेले, मागं न बघता.

लोक पांगायला लागले. एरवी सावडून झालं की बायका माझा हात हातात घ्यायच्या; आज त्यांनी मला जायला वाट करून दिली. मी एकटीच चढत होते. वरच्या वळणावर पुतण्याची बायको थांबली होती. मी म्हणाले, "सांगितलं बाई. आक्काची इच्छा होती तसं."

"त्यांनी काय सांगितलं न्हवतं, काकी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आत्तींनी तुमचं नाव काडलं न्हाई. नऊ वर्सांत एकदाबी न्हाई. मी त्या दिशी वाटीपाशीच हुते, मला ठावं हुतं. मीच माज्या मनानं तुमास्नी सांगितलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालची पोर, मेलेल्या बाईच्या नावानं खोटा निरोप देते आणि मला भर गावात उघडी पाडते! हात उचलला गेला असता. पण कुठल्या तोंडानं? तिचं खोटं एका दिवसाचं होतं. मी हात पदराखाली घेतला. मग म्हणाले, "काल विचारलं होतं, त्याचं उत्तर दे. आक्का माझ्यावर किती चिडल्या होत्या?"

भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं इतक्या साधेपणानं ती म्हणाली, "चिडल्या की त्या भांडी आपटायच्या. माज्यावर चिडायच्या, ह्यांच्यावर चिडायच्या, सारक्या. तुमच्यावर न्हाई चिडल्या कवा. तुमास्नी त्यांनी सोडूनच दिलं हुतं."

मी नऊ वर्षं त्या भिंतीला कान लावून राहिले होते. पलीकडं भांडं वाजलं की वाटायचं, हे माझ्यावर आहे. तेवढंच आमच्यात उरलंय असं मी धरून चालले होते. कधी तरी तिचा राग निवेल, मग बघू. पलीकडं माझ्यासाठी काहीच नव्हतं. हे मला अजून सोसत नाही.

त्यानंतर अडीच महिने कुणी बोलावलं नाही. फौजी घरात लागेल तेवढं बोलतात. सकाळचा चहा ते रोज पलीकडं जाऊन घेतात, मला चल म्हणत नाहीत, आणि मी ते मागतही नाही. कॅलेंडरची पानं मी बांधून माळ्यावर टाकली होती.

परवा पलीकडच्या गावातून एक माणूस आला. त्याची आई गेली होती. मी म्हणाले, माझं घाटावर काय झालं ते तुम्हाला कळलं नाही का? तो म्हणाला, "कळलं म्हणूनच आलोय."

मी गेले. बायकांत बसले आणि नेहमीचं विचारलं. त्या आधी गप्प बसल्या, मग हसल्या. बाई चपला उलट्या पडल्या की चिडायची म्हणे. मी लिहून घेतलं. मग मला पुढचं विचारल्याशिवाय राहवेना. "त्यांनी कुणाला सोडून दिलं होतं का?"

कोपऱ्यात एक पन्नाशीची बाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला आणि मान खाली गेली. मी तिला काही विचारलं नाही. ते घाटावर सांगायचं असेल तर तिनं सांगायचं, माझं ते काम नव्हे. मी कागद मिटला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.